मडगाव, मोहगाव आणि न सापडणारी फाइल : नेटवर्क फाइल सिस्टिम क्लायंटच्या ज्ञात त्रुटी व नियोजित सुधारणा

दूरच्या संगणकावर साठवलेली फाइल आपल्याच संगणकात असल्याप्रमाणे उघडता, वाचता आणि बदलता यावी, यासाठी जी व्यवस्था वापरली जाते तिला नेटवर्क फाइल सिस्टिम म्हणतात. फाइल जिथे प्रत्यक्ष साठवलेली असते तो सर्व्हर. ती मागवून वापरकर्त्यापुढे ठेवणारा, त्याच्या स्वतःच्या संगणकातील प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. कार्यालयातील सामाईक फोल्डर, शाळेतील निकालपत्रकांचा साठा, स्कॅनरमधून थेट सर्व्हरवर जाणारे कागद, ही सर्व या व्यवस्थेची नित्य परिचयाची रूपे आहेत.

दूरची वस्तू जवळची भासवणे हे क्लायंटचे मुख्य काम. ते जितके चांगले साधते तितका वापरकर्त्याला मधल्या तारेचा विसर पडतो, आणि या विसरातच धोका आहे. तार तुटते, सर्व्हर बंद पडतो, दोन माणसे एकाच कागदावर एकाच वेळी लिहितात, एकच नाव दोन संगणक दोन प्रकारे लिहितात. अशा वेळी ‘फाइल जतन झाली’ या वाक्याचा अर्थ बदलतो. क्लायंटच्या ज्ञात त्रुटी म्हणून ज्या गोष्टी विकासक नोंदवून ठेवतात, त्या बहुतेक याच सीमारेषेवरच्या असतात.

देवनागरीत काम करणाऱ्यांना यांपैकी शेवटची अडचण विशेष जाचते. मध्य प्रदेशातील मोहगाव हे तिचे चांगले उदाहरण आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. मोहगाव त्यातील सौंसर भागात येते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि हा संत्र्यांचा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे तिथे घरात मराठी आणि शासनात हिंदी चालते. मराठीत गावाचे नाव ‘मोहगाव’, हिंदीत ‘मोहगांव’ किंवा ‘मोहगाँव’. गोव्यातील वाचकाला हे अनोळखी वाटू नये. मराठीतले ‘मडगाव’ कोकणीत ‘मडगांव’ होते, आणि एकाच कार्यालयाच्या एकाच फोल्डरमध्ये ही दोन्ही रूपे शेजारी नांदतात.

उगम आणि वाटचाल

आज प्रचारात असलेल्या दोन प्रमुख पद्धती म्हणजे एनएफएस आणि एसएमबी. एनएफएस ही अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची निर्मिती. १९८२ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे भारतीय वंशाचे. एनएफएस १९८४ मध्ये आकाराला आली आणि १९८५ मध्ये सनओएस २.० या प्रणालीबरोबर ग्राहकांच्या हाती पडली. दुसऱ्या आवृत्तीचा तपशील १९८९ मध्ये, तिसरीचा १९९५ मध्ये, तर चौथीचा २००० मध्ये प्रसिद्ध झाला. चौथीचे सुधारित रूप २००३ मध्ये आले. त्यानंतरची ४.१ ही आवृत्ती २०१० ची आणि ४.२ ही २०१६ ची आहे.

एसएमबीचा उगम १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांच्या कामातून झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली, १९९६ मध्ये तिला सीआयएफएस असे नाव दिले, २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर तिची दुसरी आणि २०१२ मध्ये तिसरी पिढी आणली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकारंभी सुरू केलेल्या सांबा या मुक्त प्रकल्पामुळे युनिक्स व लिनक्स सर्व्हर विंडोजच्या संगणकांशी याच भाषेत बोलू लागले. लिनक्सच्या बाजूचा एसएमबी क्लायंट स्टीव्ह फ्रेंच यांनी लिहिला. तो २००२ मध्ये कर्नलच्या २.५.४२ या विकासाधीन आवृत्तीत दाखल झाला. या क्लायंटच्या अधिकृत श्रेयनामावलीत शिरीष पारगावकर हे नावही आहे. फाइलवर कोणाचा कोणता अधिकार हे सांगणाऱ्या अनुज्ञा-याद्यांसंबंधीच्या अनेक दुरुस्त्या त्यांच्या नावे नोंदलेल्या आहेत.

मुक्त प्रकल्पांची एक चांगली प्रथा अशी, की उणिवा लपवल्या जात नाहीत. लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांत एसएमबी क्लायंटविषयी एक स्वतंत्र टिपण आहे. अपुऱ्या सुविधा, माहीत असलेले दोष आणि हाती घ्यावयाची कामे त्यात ओळीने मांडलेली आहेत. यंत्रणा निवडणाऱ्या कोणत्याही कार्यालयाने जाहिरातीआधी वाचावे असे हे टिपण आहे.

पहिली त्रुटी : थांबायचे किती?

सर्व्हर उत्तर देईनासा झाला तर क्लायंटने काय करावे, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही सदोष आहेत. पहिले उत्तर असे : सर्व्हर परत येईपर्यंत विचारत राहावे. याला ‘हार्ड’ माउंट म्हणतात आणि एनएफएसमध्ये हेच गृहीत धरलेले असते. यात लिहिलेला मजकूर वाया जात नाही. परंतु फाइल वापरणारा प्रोग्रॅम जागच्या जागी गोठतो. जुन्या लिनक्समध्ये असा गोठलेला प्रोग्रॅम सक्तीने बंदही करता येत नसे. २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीपासून ती सोय झाली.

दुसरे उत्तर : काही वेळ वाट पाहावी आणि मग अपयश कळवून मोकळे व्हावे. हा ‘सॉफ्ट’ माउंट. लिनक्सच्या एसएमबी क्लायंटमध्ये हाच प्रकार गृहीत असतो. यात संगणक गोठत नाही, पण अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. अपयशाची सूचना प्रोग्रॅमने नीट हाताळली नाही, तर कारकुनाला काम पूर्ण झाल्याचेच वाटत राहते. जिथे वीज आणि नेटवर्क वरचेवर जाते तिथे ‘सॉफ्ट’ सोयीचा वाटतो. मात्र नोंदी लिहिण्याच्या फोल्डरसाठी ‘हार्ड’च सुरक्षित, हा एनएफएसच्या अधिकृत माहितीपत्राचाही इशारा आहे. केवळ वाचायच्या फाइलींसाठी ‘सॉफ्ट’ चालतो.

अंतर हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. क्लायंटच्या प्रत्येक प्रश्नाला सर्व्हरपर्यंत एक फेरी करावी लागते. एका फोल्डरची यादी दाखवण्यासाठी एकामागून एक हजार फेऱ्या लागल्या आणि एका फेरीला इमारतीतल्या इमारतीत अर्धा मिलिसेकंद लागला, तर काम अर्ध्या सेकंदात आटोपते. सर्व्हर दूरच्या शहरात असून फेरीला ५० मिलिसेकंद लागले, तर त्याच यादीला ५० सेकंद लागतात. मोहगावसारख्या लहान गावात किंवा सत्तरीच्या एखाद्या पंचायतीत ‘इंटरनेट वेगवान आहे, तरी फोल्डर उघडत नाही’ अशी तक्रार होते, तिचे मूळ पुष्कळदा इथे असते. तारेची रुंदी वाढवल्याने फेऱ्यांची संख्या घटत नाही.

दुसरी त्रुटी : शिळी माहिती

फेऱ्या वाचवण्यासाठी क्लायंट एकदा आणलेली माहिती काही काळ स्वतःजवळ ठेवतो. लिनक्सच्या एनएफएस क्लायंटमध्ये फाइलचा आकार, तारीख इत्यादी माहिती साधारणपणे ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरची माहिती ३० ते ६० सेकंद जवळची धरली जाते. एसएमबी क्लायंटमध्ये ही मुदत १ सेकंदाची आहे. परिणाम असा, की एका टेबलावर टाकलेली नवी फाइल दुसऱ्या टेबलावर काही क्षण दिसतच नाही. फोल्डरची उघडी खिडकी आपोआप ताजी न होणे हा दोषही जुना आहे. दुसऱ्या संगणकाने केलेला बदल फाइल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला कळवण्याची सोय अपुरी असल्याने वापरकर्त्याला ती खिडकी पुन्हा उघडावी लागते.

एनएफएसचे अभिवचन मर्यादित पण स्पष्ट आहे. एकाने फाइल बंद केल्यानंतर दुसऱ्याने ती उघडली, तर त्याला नवा मजकूर दिसेल. पहिल्याने बंद करण्यापूर्वीच दुसऱ्याने ती उघडून ठेवली असेल, तर काय दिसेल याची हमी नाही. म्हणून सामाईक पत्रक दिवसभर उघडे ठेवण्याची सवय या व्यवस्थेच्या प्रकृतीशी विसंगत आहे.

लिहिण्याबाबत आणखी सावध राहावे लागते. लिहिलेला मजकूर क्लायंट आधी स्वतःच्या स्मृतीत गोळा करतो आणि नंतर, बहुधा फाइल बंद होताना, सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरवरची जागा संपली असेल किंवा ठरवून दिलेला वाटा ओलांडला गेला असेल, तर ते अपयश लिहितेवेळी न कळता बंद करतेवेळी कळते. अनेक प्रोग्रॅम त्या क्षणी तपासणीच करत नाहीत. सर्व्हरच्या बाजूने ‘असिंक’ हा पर्याय निवडलेला असेल, तर तो डिस्कवर लिहिण्याआधीच ‘झाले’ असे कळवतो. वीज गेली की ते ‘झाले’ पुसले जाते. यामुळेच एनएफएस सर्व्हरमध्ये ‘सिंक’ हा पर्याय गृहीत ठेवण्यात आला. वेगाच्या लोभाने तो बदलणाऱ्याने कोणती जोखीम पत्करली आहे हे जाणलेले बरे.

उघडी असलेली फाइल दुसऱ्या कोणी सर्व्हरवरून काढून टाकली, की ‘स्टेल फाइल हँडल’ असा संदेश येतो. क्लायंटजवळची खूण आता कशाचीच राहिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तसेच, उघडी फाइल त्याच क्लायंटवरून पुसली तर एनएफएस तिला ‘डॉट एनएफएस’ने सुरू होणारे लपलेले नाव देते आणि ती बंद झाल्यावर काढून टाकते. ‘फोल्डर रिकामे दिसते, तरी पुसता येत नाही’ या कोड्याचे उत्तर पुष्कळदा त्या लपलेल्या नावात असते.

तिसरी त्रुटी : एक कागद, दोन लेखण्या

दोघांनी एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहू नये म्हणून लॉकची योजना असते. एनएफएसच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीत ही सोय मूळ पद्धतीत नव्हती. ती वेगळ्या सेवेमार्फत चाले आणि सर्व्हर अचानक बंद पडला की लॉकचा हिशोब विसकटे. चौथ्या आवृत्तीत लॉक मूळ पद्धतीतच आले. आता क्लायंटला ठरावीक मुदतीचा पट्टा मिळतो आणि तो वेळोवेळी नवा करावा लागतो. लिनक्स सर्व्हरमध्ये ही मुदत सामान्यतः ९० सेकंदांची आहे. क्लायंटचा संपर्क तेवढा वेळ तुटला, तर त्याचे लॉक दुसऱ्याला मिळू शकते. सर्व्हर नव्याने सुरू झाला, तर जुन्या क्लायंटना आपापला दावा सांगण्यासाठी तेवढीच सवड दिली जाते आणि तोवर नवे लॉक कोणालाच मिळत नाही. वीज परतल्यानंतर पहिले दीड मिनिट काम अडकल्यासारखे वाटण्याचे हे एक कारण आहे.

विंडोज आणि लिनक्स यांची लॉकविषयीची कल्पनाही एक नाही. विंडोजचे लॉक बंधनकारक असते. लिनक्समध्ये ते परस्पर समजुतीचे असते, न विचारता लिहिणाऱ्याला ते अडवत नाही. लिब्रेऑफिससारखे प्रोग्रॅम म्हणूनच शेजारी एक छोटी लॉक-फाइल ठेवतात. संगणक मध्येच बंद पडला की ती तशीच उरते आणि दुसऱ्या दिवशी ‘फाइल कोणीतरी उघडली आहे’ असा संदेश येतो, जरी कार्यालयात कोणीच नसले तरी. या मर्यादांमुळे एसक्यूलाइट या बहुप्रचलित डेटाबेसचे निर्मातेही आपली फाइल नेटवर्क फोल्डरवर ठेवून अनेक संगणकांवरून वापरू नये, असा इशारा देतात.

चौथी त्रुटी : ओळख कशावरून?

एनएफएसच्या साध्या रूपात सर्व्हर वापरकर्त्याला नावाने ओळखत नाही, क्लायंटने सांगितलेल्या क्रमांकाने ओळखतो. लिनक्सच्या अनेक वितरणांत पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो. दोन स्वतंत्र संगणकांवरचे पहिले वापरकर्ते म्हणूनच सर्व्हरच्या दृष्टीने एकच व्यक्ती ठरतात. याच पद्धतीत एका व्यक्तीचे १६ पेक्षा अधिक गट सांगता येत नाहीत. मोठ्या कार्यालयात, ज्याला अधिकार आहे त्यालाच फोल्डर उघडत नाही, असा प्रसंग त्यामुळे ओढवतो. कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत हे प्रश्न सोडवते. पण तिची उभारणी किचकट असल्याने लहान संस्था तिच्या वाटेला जात नाहीत.

एसएमबीच्या बाबतीत धडा अधिक कटू होता. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर संगणक वेठीस धरले. तो विंडोजमधील एसएमबीच्या पहिल्या पिढीच्या दोषातून पसरला. त्याच वर्षी लिनक्सच्या ४.१३ आवृत्तीने जुनी पिढी गृहीत धरणे सोडले आणि विंडोज १० च्या नव्या मांडणीतही ती आपोआप बसवली जाईनाशी झाली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रत्येक संदेशावर सही असणे सक्तीचे झाले. या प्रत्येक टप्प्यावर जुने स्कॅनर आणि साठवणुकीची जुनी यंत्रे एकाएकी ‘बिघडली’. वस्तुतः ती बिघडली नव्हती. त्यांची जुनी भाषा नव्या क्लायंटने ऐकणे बंद केले होते. अशा वेळी जुनी पिढी पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मात्र घरफोडीनंतर बदललेले कुलूप काढून जुने लावण्यासारखा आहे.

पाचवी त्रुटी : देवनागरी नाव

युनिक्स परंपरेत फाइलचे नाव ही केवळ बाइट्सची माळ असते. तिरकी रेघ आणि शून्य-बाइट सोडून त्यात काहीही चालते आणि त्या माळेचा अर्थ काय, याच्याशी सर्व्हरला कर्तव्य नसते. यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मोहगाव’ या नावात म, ओकार, ह, ग, काना आणि व अशी ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट. ‘मोहगांव’ अनुस्वारामुळे २१ बाइटचे आणि ‘मोहगाँव’ही २१ बाइटचे, पण चिन्ह वेगळे. माणसासाठी गाव एक, सर्व्हरसाठी तीन वेगळ्या फाइली.

यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे दिसायला तंतोतंत सारखी, पण आतून वेगळी नावे. ‘छिंदवाड़ा’ या हिंदी रूपातील नुक्ता असलेला ‘ड़’ यूनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ड आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. टंकनाची काही साधने पहिला मार्ग घेतात, काही दुसरा. पडद्यावर फरक दिसत नाही. शोध घेतला तर मात्र एक सापडते आणि दुसरे नाही.

खास मराठीतले उदाहरण ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावात आहे. त्यातील ‘ऱ्य’ तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो : ‘ऱ’ हे एकच चिन्ह आणि पुढे हलन्त, र, नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पहिल्या प्रकारे हे नाव ४६ बाइटचे होते, उरलेल्या दोन्ही प्रकारे ४९ बाइटचे. पहिले दोन प्रकार यूनिकोडच्या नियमांनुसार समान मानले जातात आणि ‘सामान्यीकरण’ नावाच्या प्रक्रियेने ते एकरूप करता येतात. तिसरा प्रकार जुन्या परंपरेतून आलेला आहे. तो त्या नियमांच्या समानतेत बसत नाही, त्यामुळे सामान्यीकरणानेही तो जुळत नाही.

यात संगणकांच्या भिन्न स्वभावांची भर पडते. ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावे फोडून साठवत असे. एका चिन्हाचा ‘ऱ’ तिथे र आणि नुक्ता असा होई. २०१७ पासूनची एपीएफएस नाव दिले तसे ठेवते, पण तुलना करताना दोन्ही रूपे एक मानते. विंडोज आणि लिनक्स सामान्यतः काहीच बदलत नाहीत. परिणामी एका संगणकावरून ठेवलेली मराठी फाइल दुसऱ्यावर यादीत दिसते, पण तिचे नाव टाइप करून मागितल्यास ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीच्या २००३ च्या तपशिलात नावांच्या सामान्यीकरणाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती फारशी कोणी पाळली नाही, आणि २०१५ च्या सुधारित तपशिलाने हे वास्तव मान्य केले.

लांबीचा प्रश्नही देवनागरीलाच अधिक भोवतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. इंग्रजीत ती २५५ अक्षरे होतात, देवनागरीत ८५ चिन्हे, आणि काना, मात्रा, अनुस्वार हेही त्यात मोजले जातात. विंडोजची एनटीएफएस बाइट न मोजता २५५ एककांपर्यंत नाव घेते, म्हणून परिपत्रकाचा पूर्ण विषय नाव म्हणून दिलेली फाइल विंडोजवर नांदते आणि लिनक्स सर्व्हरवर नाकारली जाते. तिरकी रेघ कोणत्याही प्रणालीत चालत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातला ‘७/१२’ किंवा गोव्यातला ‘१/१४’ उतारा जसा बोलला जातो तसा फाइलच्या नावात लिहिता येत नाही. कोणी आडवी रेघ घालतो, कोणी बिंदू, कोणी काहीच नाही, आणि पुन्हा तीन फाइली होतात.

नियोजित सुधारणा

गतीच्या आघाडीवर बरेच काम झाले आहे, काही चालू आहे. एनएफएस ४.१ ने एकाच फाइलचे भाग अनेक सर्व्हरांकडून समांतर घेण्याची सोय दिली. ४.२ ने फाइलची प्रत सर्व्हरवरच काढण्याची सोय आणली, त्यामुळे मोठी फाइल क्लायंटपर्यंत आणून परत नेण्याचा हेलपाटा वाचतो. २०१९ मधील लिनक्स ५.३ पासून एका सर्व्हरशी १६ पर्यंत जोडण्या करता येतात. एसएमबीच्या लिनक्स क्लायंटमध्ये अनेक जोडण्यांची सोय ५.५ या आवृत्तीत आली. सर्व्हरकडे जाता-येता मजकूर आकुंचित करण्याचे काम अजून पुरे व्हायचे आहे.

दूरच्या गावांना अधिक उपयोगी पडेल ती फोल्डरच्या पट्ट्यांची योजना. तिच्यात ‘या फोल्डरमध्ये बदल झाला तर कळवीन’ अशी हमी सर्व्हर देतो आणि क्लायंट तोवर जवळची यादी निर्धास्तपणे वापरतो. एसएमबी क्लायंटने हिचा उपयोग प्रथम केवळ मूळ फोल्डरपुरता केला. तो सर्व फोल्डरांना लागू करणे, अनेक प्रश्न एकाच फेरीत पाठवण्याचे प्रसंग वाढवणे आणि उघडी खिडकी आपोआप ताजी होणे, ही कामे नोंदीवर आहेत. एनएफएसमध्येही फोल्डरसाठी अशाच हमीचे काम विकासकांनी हाती घेतले आहे. फेऱ्यांची संख्या खरोखर घटवणारे उपाय हेच आहेत.

सुरक्षिततेत एनएफएसची मोठी उणीव भरून निघत आहे. संदेश टीएलएसने झाकून पाठवण्याचा तपशील सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२३ मधील लिनक्स ६.५ च्या क्लायंटमध्ये ही सोय आली. कर्बेरॉसची उठाठेव न झेपणाऱ्या लहान संस्थांना किमान आडून ऐकणाऱ्यापासून संरक्षण मिळते. एसएमबीमध्ये तिसऱ्या पिढीपासून संदेश कूटबद्ध करता येतात. क्विक या नव्या वाहतूक-पद्धतीवरून एसएमबी चालवण्याची सोय विंडोज सर्व्हर २०२५ च्या सर्व आवृत्त्यांत आहे. लिनक्समध्ये त्यासाठी कर्नलमध्येच क्विक आणण्याचे काम चालू आहे. पहिल्या पिढीचा धोकादायक भाग वेगळा काढून तो पूर्ण बंद ठेवता यावा, हेही नियोजनात आहे.

वापराच्या सुलभतेसाठी नोंदलेली कामे दिसायला किरकोळ, पण मोलाची आहेत : जोडणी का फसली हे स्पष्ट सांगणारे संदेश, पर्याय निवडण्यासाठी चित्ररूप साधन, वापरकर्त्याला दिलेल्या जागेचा हिशोब दाखवणे, सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवल्यास त्याची आगाऊ सूचना. विंडोजवरील दुवे ओळखता येतात पण दूरून निर्माण करता येत नाहीत, हा दीर्घकाळ नोंदलेला दोषही याच यादीतला.

नावांच्या बाबतीत प्रगती सर्वांत मंद आहे. २०१९ मधील लिनक्स ५.२ पासून ईएक्सटी४ मध्ये निवडक फोल्डरांसाठी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानण्याची सोय आली. तिच्याबरोबर यूनिकोडची समान रूपे एक मानली जातात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, पण या दुसऱ्या गुणाचा लाभ तिला होतो. एनएफएससाठी नावांच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा स्वतंत्र मसुदाही चर्चेत आहे. तरीही मर्यादा स्पष्ट आहे. सामान्यीकरण दोन प्रकारचे ‘ड़’ जुळवील, ‘मोहगाव’ आणि ‘मोहगाँव’ जुळवणार नाही. तो भेद दोन भाषांच्या लेखनपद्धतींचा आहे आणि त्याची उकल क्लायंटकडून अपेक्षिणे गैर आहे.

तोवरची दक्षता

कार्यालयाने फाइलनावांचा एक लेखी नियम करावा. गावाच्या नावाबरोबर केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील सांकेतिक क्रमांक लिहावा. तो कोणत्याही भाषेत बदलत नाही, आणि मध्य प्रदेशात मंडला भागातही मोहगाव नावाचे गाव असल्याने केवळ नावावर विसंबणे तसेही धोक्याचे. नावे ८५ चिन्हांच्या बरीच आत ठेवावीत. सर्व संगणकांवर टंकनाचे एकच साधन असावे, शक्यतो इनस्क्रिप्ट. एसएमबी फोल्डर लिनक्सवर जोडताना यूटीएफ-८ हा अक्षरसंच स्पष्टपणे सांगावा. तसे न केल्यास मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात.

लिहिण्याच्या फोल्डरसाठी ‘हार्ड’ माउंट व ‘सिंक’ सर्व्हर असावा, सर्व्हरला बॅटरीचा आधार असावा, आणि महत्त्वाची फाइल जतन केल्यावर ती बंद करून पुन्हा उघडून पाहावी. डेटाबेसची फाइल सामाईक फोल्डरवर ठेवू नये. त्यासाठी डेटाबेस सर्व्हर वेगळा चालवावा. एसएमबीची पहिली पिढी कोणत्याही निमित्ताने सुरू करू नये. सामाईक फोल्डर म्हणजे सुरक्षित प्रत, हा समज सोडून नोंदींची स्वतंत्र प्रत नियमितपणे अन्यत्र ठेवावी.

शेतकऱ्याचे नाव यादीत आहे की नाही, दाखला निघाला की नाही, हे प्रश्न शेवटी एका फाइलपाशी येऊन थांबतात. ती फाइल सर्व्हरवर शाबूत असूनही सापडत नसेल, तर अर्जदाराच्या लेखी ती नाहीच.